दोन टोकांच्या अल्बमची जोडी : एकाच संध्याकाळी सलग ऐकण्यासाठी आपण काय निवडाल?

खर्ज (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. एकमेकांपासून शक्य तितक्या दूर असलेल्या दोन संगीतप्रकारांतले, आपल्या मनापासून आवडीचे दोन अल्बम एकाच संध्याकाळी पाठोपाठ ऐकवायचे असतील, तर आपण कोणती जोडी निवडाल आणि ती का निवडाल, हा प्रश्न मला येथील जाणकारांपुढे ठेवायचा आहे.

प्रश्नामागचे कारण असे, की या पावसाळ्यात आमच्या घरी काही मंडळी केवळ ऐकण्यासाठी जमणार आहेत. त्यांत देवल क्लबच्या मैफली ऐकत आयुष्य घालवलेले ज्येष्ठ आहेत आणि गिटार वाजवणारी, महाविद्यालयात शिकणारी मुलेही आहेत. दोन्ही पिढ्यांनी एकमेकांचे संगीत केवळ सौजन्य म्हणून ऐकून घ्यावे, एवढ्याने माझे समाधान होणार नाही. दुसरा अल्बम ऐकल्यामुळे पहिल्यातले काहीतरी नव्याने कानी पडावे, अशी जोडी मला हवी आहे. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि कलावंताने लावलेल्या क्रमानेच ऐकायचा, ही एकच अट. निवडक गाण्यांची गाठोडी शक्यतो नकोत.

माझी स्वतःची जोडी आधी सांगतो, म्हणजे तिच्यावर बोलता येईल. पहिला अल्बम म्हणजे किशोरी आमोणकर यांची ती एलपी, जिच्या एका बाजूला भूप आहे आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. महाराष्ट्रात ज्या घरी थोडेफार शास्त्रीय संगीत ऐकले जाते तिथे ही तबकडी किंवा तिची कॅसेट कधी ना कधी पोहोचलेली असते, आणि माझ्या मते नेमके त्यामुळेच ती आता फारसे कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. 'सहेला रे' तेवढे लावले जाते. वास्तविक त्या बाजूचे सामर्थ्य त्याआधीच्या 'प्रथम सुर साधे' या विलंबित, म्हणजे संथ लयीतील ख्यालात आहे. पाच स्वरांपलीकडे पाऊल न टाकता, मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्याची उणीव कोठेही जाणवू न देता, गांधारावर, म्हणजे 'ग' या स्वरावर, त्या ज्या निश्चिंतपणे थांबतात आणि तेथून पुढे जायची घाई करत नाहीत, ते ऐकल्यानंतरच 'सहेला रे'च्या द्रुतातला, म्हणजे जलद लयीतला आनंद कोठून आला हे कळते.

दुसरा अल्बम माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांतील अवघ्या दोन दिवशी, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. हा स्टुडिओ म्हणजे मुळात एक चर्च. त्याच उंच छताखाली १९५५ साली ग्लेन गुल्ड यांनी बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स वाजवली होती, आणि त्या एका वास्तूवर स्वतंत्र संध्याकाळ करावी असा मोह मला अजूनही होतो. डेव्हिस यांच्यासोबत जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली हे सॅक्सोफोनवर, बिल इव्हान्स पियानोवर (एका रचनेत त्यांच्या जागी विंटन केली), पॉल चेंबर्स बेसवर आणि जिमी कॉब ड्रमवर होते. त्याआधीच्या दशकातील जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) इतक्या झपाट्याने बदलत असत, की वादकाचे निम्मे कौशल्य त्यांचा माग ठेवण्यातच खर्ची पडे. या अल्बमने ती धावपळ थांबवली. 'सो व्हॉट' ही पहिलीच रचना पाहा. सोळा मात्रागट एकाच स्वरमालेवर, मग आठ मात्रागट तीच स्वरमाला अर्ध्या स्वराने वर, आणि पुन्हा आठ मात्रागट मूळ ठिकाणी. ती स्वरमाला डोरियन या नावाने ओळखली जाते आणि तिचे सूर आपल्या काफी थाटाचे आहेत (थाट म्हणजे ज्यात राग वर्गीकृत केले जातात तो सात स्वरांचा साचा). एका स्वरसमूहात ठाण मांडून बसण्याची मोकळीक मिळताच त्या मंडळींनी काय केले, हे भूप ऐकलेल्या कानाला लगेच कळावे आणि त्यांच्या वादनातील मोकळ्या जागा ऐकल्यावर किशोरीताईंच्या विलंबितातील विरामांकडेही लक्ष जावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आपापल्या जोड्या कारणांसह कळवाव्यात. माझ्या जोडीतील उणिवाही निःसंकोच दाखवाव्यात.

गांधार_पंचम (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

आपला प्रश्न मला मनापासून आवडला आणि किशोरीताईंच्या विलंबिताविषयी आपण जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. मात्र जोडी जुळवण्यासाठी आपण जो धागा वापरला आहे, तो टिकणारा नाही असे मला वाटते, आणि कोल्हापुरात बसून हे सांगितले नाही तर ते मला कर्तव्यच्युती वाटेल.

डोरियनचे सूर काफी थाटाचे आहेत हे खरे. पण थाट म्हणजे राग नव्हे. यासाठी आपल्याच भूपाचे उदाहरण पुरेसे आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपात गांधार वादी, म्हणजे मुख्य स्वर आहे, रागाचा विस्तार पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात होतो आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जातो. देसकारात धैवत वादी आहे, सारा जीव उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात आहे आणि तो सकाळचा राग आहे. गाणाऱ्याने धैवतावर क्षणभर अधिक रेंगाळावे, तर भूपाचा देसकार होऊ लागतो. सुरांची यादी एकच असताना जर राग दोन होत असतील, तर न्यूयॉर्कमधल्या एका रचनेची सुरांची यादी आपल्या थाटाशी जुळते या गोष्टीतून काहीही सिद्ध होत नाही. घरी जमलेल्या मुलांना आपण 'हे काफीसारखेच आहे' असे सांगितलेत, तर त्यांना काफीही कळणार नाही आणि जॅझही. आपल्या जोडीचे खरे समर्थन आपण शेवटच्या वाक्यात केले आहे. थांबण्याची मोकळीक, विरामांची किंमत, हा धागा मात्र मजबूत आहे. थाटाचे नाव न घेता हीच जोडी ऐकवावी, अशी माझी विनंती आहे.

आता माझी निवड. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ज्या गावात रुजली, त्या गावचा श्रोता अल्बम या वस्तूकडे थोड्या संकोचानेच पाहतो. उस्ताद अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांचे दरबारगायक. त्यांचे सुपुत्र भूर्जी खाँ यांनी कोल्हापुरात राहून विद्या दिली, आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखा गायक त्यांच्यापाशी शिकला. खुद्द खाँसाहेबांचा आवाज मात्र एकाही तबकडीवर नाही. ज्या गायकीने पुढे भारतभर श्रोते मिळवले, तिच्या मूळ पुरुषाचे गाणे आपल्याला केवळ शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकता येते.

त्याच खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली आणि आज ती सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करते आहे. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, पण ती तबकडी संगीत म्हणून कोणी ऐकत नाही, याची मला खंत आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने निवडलेल्या सत्तावीस ध्वनिमुद्रणांचा तो सुमारे दीड तासाचा कार्यक्रम आहे आणि अलीकडच्या काळात तो तबकडीच्या रूपाने सर्वसामान्य श्रोत्यांसाठीही प्रकाशित झाला आहे. आरंभी बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कंचेर्तोचा पहिला भाग आहे, मध्ये जावा बेटावरचे गॅमेलान आहे, चक बेरी यांचे रॉक अँड रोल आहे, लुई आर्मस्ट्राँग आहेत, स्ट्राव्हिन्स्की आहेत. आपण निवडक गाण्यांची गाठोडी नाकारली आहेत, तरीही मी हे नाव सुचवतो. याचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे आणि शेवटच्या चार रचनांत तो क्रम स्वतःच एक विधान करतो.

त्या चार रचना अशा येतात. प्रथम चीनच्या गुछिन या तंतुवाद्यावरील सात-साडेसात मिनिटांचे एकल वादन. त्याला लागून केसरबाई. केसरबाईंच्या मागोमाग टेक्सासचे अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन यांचे १९२७ सालचे ध्वनिमुद्रण, ज्यात शब्द नाहीत. ख्रिस्ताच्या गेथसेमनी बागेतील रात्रीविषयीचे ते भक्तिगीत आहे, पण जॉन्सन ते केवळ गुणगुणतात आणि गिटारच्या तारेवरून कठीण वस्तू सरकवत प्रत्येक सूर पुढच्या सुरात विरघळवतात. शेवटी बेथोव्हनच्या उत्तरायुष्यातील चार तंतुवाद्यांसाठीच्या एका चतुष्क रचनेचा 'कावातिना' हा मंद भाग. केसरबाईंचा भरदार, खुला 'आ'कार ऐकून लगेच जॉन्सन यांची ती सरकती तार ऐकली, की आपण ज्याला मींड म्हणतो ती कोणा एका संस्कृतीची मालमत्ता नाही, हे पहिल्या काही क्षणांतच जाणवते. त्यासाठी थाटाच्या आधाराची गरज पडत नाही. पूर्ण तबकडी ऐकवणे शक्य नसेल, तर अटीला मुरड घालून निदान या चार रचना तरी सलग ऐकवाव्यात. माझी जोडी एकाच तबकडीवर, लागून लागून उभी आहे.

हलगी_डिस्टॉर्शन (इचलकरंजी)

काका, भूप आणि देसकार यांचा फरक आपण इतक्या थोडक्यात समजावून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी गिटार वाजवतो आणि आपण ज्या मुलांविषयी लिहिले आहे त्यांच्यापैकीच एक आहे, त्यामुळे आमच्या बाजूने दोन जोड्या मांडाव्यात असे वाटले.

पहिली जोडी खर्ज सरांच्या भूपालाच धरून आहे. १९८२ साली चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाचा अल्बम केला. सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक होते. रोलँड कंपनीची तीन यंत्रे, म्हणजे ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचे यंत्र, त्यांनी एकत्र जोडली आणि भैरव, ललत, भूपाली (म्हणजे भूपच), तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग न थकणाऱ्या, एकसारख्या यंत्रतालावर वाजवले. त्या वेळी या अल्बमकडे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यास शिकागोत याच टीबी-३०३ च्या पिळवटलेल्या आवाजातून ॲसिड हाऊस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला, आणि २०१० साली सिंग यांचा अल्बम पुन्हा प्रकाशित झाला तेव्हा परदेशी श्रोते चकित झाले, कारण त्यांना आपल्या संगीताचा आवाज त्याच्या जन्माआधी मुंबईत सापडला होता.

मला त्या अल्बममध्ये पहिलेपणापेक्षा एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. टीबी-३०३ या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची 'स्लाइड' नावाची सोय आहे. बेस गिटारची नक्कल करता यावी म्हणून अभियंत्यांनी ती ठेवली होती, आणि सिंग यांच्या हातात रागाच्या संदर्भात तिला वेगळाच अर्थ आला. किशोरीताईंचा भूप ऐकल्यानंतर लगेच हा भूपाली ऐकला, तर यंत्राला काय जमते आणि काय जमत नाही हे अगदी स्वच्छ कळते. चलन ओळखू येते, स्वरांचा क्रम शाबूत आहे, घसरतही जाता येते, पण गांधारावर थांबता येत नाही, कारण खालचा ताल कोणालाही थांबू देत नाही. काकांनी विरामांची किंमत म्हणून जो मुद्दा मांडला, तो मला या भूपालीने शिकवला. आणि तरीही, विराम नसलेला हा राग मला परका वाटत नाही. उत्साहाचा भूप असा असू शकतो, एवढे मान्य करायला माझी हरकत नाही. ज्येष्ठांचे मत यावर काय पडते, ते जाणून घेण्याची मला खरोखर उत्सुकता आहे.

दुसरी जोडी मोठ्या आवाजाची आहे. मेटॅलिका या मेटल बँडचा १९८६ सालचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि अजय-अतुल यांचे २०१० सालच्या 'नटरंग' चित्रपटाचे संगीत. मेटल म्हणजे गोंगाट, असे ज्यांना वाटते त्यांनी 'मास्टर ऑफ पपेट्स'चा आरंभ ऐकावा. तिथे प्रथम केवळ साध्या, तारांच्या गिटारींचे थर एकावर एक चढतात, आणि त्यानंतरच सारे वाद्य एकदम कोसळते. शीर्षकगीताच्या मध्यावर सारा वेग थांबतो, गिटार स्वच्छ आवाजात गाऊ लागते आणि मग हळूहळू मूळचा मारा परत येतो. 'ओरायन' ही तर शब्दांशिवायची, आठ मिनिटांहून मोठी रचना आहे. तिच्यात बेस गिटार पुढे होऊन सुरावट गाते. ती वाजवणारे क्लिफ बर्टन अल्बम प्रकाशित झाल्यानंतर काही महिन्यांतच स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

'नटरंग' निवडण्याचे कारण कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. मूळ कादंबरीकार आनंद यादव कागलचे, आणि त्या गाण्यांतील बोली, ढोलकी आणि घुंगरू हे आमच्या कानांचे रोजचे आहेत. पण मला दोन्ही अल्बममधील साम्य तालाच्या तोडण्यात दिसते. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी आणि घुमकं वाजवणारे गडी सारा आवाज एकदम तोडतात, क्षणभर काहीच नसते आणि मग पुन्हा सगळे एकत्र पडते. ती तोड मला लावणीच्या ढोलकीत ऐकू येते आणि मेटलच्या गिटारीतही ऐकू येते. आवाज मोठा असणे हा दोन्हीकडे हलगर्जीपणा नसून रचनेचा भाग आहे, आणि तो आवाज कमी करून ऐकला तर रचनाच हरवते. म्हणून आपल्या घरी हा अल्बम लावायचा झाल्यास कृपया आवाज दबका ठेवू नये. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणे उत्तम.

शततंत्री (शाहूपुरी, कोल्हापूर)

माझी जोडी थोडक्यात सांगते. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' आणि १९७३ चा पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. पहिल्यात शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार मिळून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस सांगतात, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. दुसऱ्यात हृदयाच्या ठोक्यापासून हृदयाच्या ठोक्यापर्यंत एका माणसाचे आयुष्य आहे. दोन्हींत गाणी सुटी काढता येत नाहीत. पिंक फ्लॉइडच्या पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टोरी यांनी एकही शब्द न उच्चारता जे गायले आहे, ते ऐकून आमच्या घरातील ज्येष्ठांनी 'ही बाई कोण?' असे विचारले होते. त्या गायनासाठी त्यांना तेव्हा केवळ ३० पौंड मिळाले, आणि सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव लागायला २००५ साल उजाडावे लागले, तेही न्यायालयात दाद मागितल्यानंतर.

नांदी (गडहिंग्लज)

सर्वांची उत्तरे वाचून मला एक गोष्ट जाणवली. आपण सर्वांनी सुरांतील किंवा तालांतील साम्य शोधून जोड्या लावल्या आहेत. मला एक वेगळा दुवा सुचवावासा वाटतो. जुने संगीत नव्या काळात परत कसे आणावे, या एकाच प्रश्नाला दोन अल्बमनी दिलेली दोन परस्परविरुद्ध उत्तरे, अशी माझी जोडी आहे.

पहिला अल्बम कुमार गंधर्व यांचा 'मला उमजलेले बालगंधर्व'. कुमारजी मूळचे आमच्या गडहिंग्लजपासून फार दूर नसलेल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे. क्षयाच्या आजाराने एक फुप्फुस निकामी झाल्यानंतर त्यांनी देवासला राहून स्वतःची गायकी नव्याने घडवली, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. १९६५ साली त्यांनी बालगंधर्वांची नाट्यपदे घेऊन हा कार्यक्रम उभा केला, तेव्हा बालगंधर्व हयात होते. महाराष्ट्रात त्या पदांची नक्कल करणारे गायक उदंड होते आणि श्रोत्यांना नक्कलच हवी असे. कुमारजींनी नक्कल केली नाही. बालगंधर्वांच्या गाण्यातील लय, शब्दांवरची हळुवार फेक आणि भावाची नेमकी जागा त्यांनी समजून घेतली आणि ती आपल्या तुटक, टोकदार गळ्यातून मांडली. 'मला उमजलेले' हा शब्दप्रयोग शीर्षकात ठेवून त्यांनी जबाबदारीही स्वतःकडे घेतली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते बालगंधर्वांसारखे वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात मात्र मूळ ध्वनिमुद्रिकांत जे आपण केवळ गोडवा म्हणून ऐकले होते, त्यामागची बांधणी दिसू लागते.

दुसरा अल्बम 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'. १९९६ च्या मार्चमध्ये हवानातील एग्रेम या जुन्या स्टुडिओत अमेरिकन गिटारवादक राय कूडर आफ्रिकेतील माली देशाच्या वादकांसह क्यूबन वादकांचा अल्बम करणार होते. मालीचे वादक पोहोचूच शकले नाहीत. मग हवानातील, क्रांतीपूर्व काळात लोकप्रिय असलेले पण मागे पडलेले वृद्ध गायक-वादक एकेक करून गोळा करण्यात आले. कॉम्पाय सेगुंदो १९०७ साली जन्मलेले, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यावर. पियानोवादक रुबेन गोन्झालेस यांच्याकडे त्या काळी स्वतःचा पियानोही नव्हता. इब्राहिम फेरेर यांनी गाणे सोडून दिलेले होते. सहा दिवसांत अल्बम पूर्ण झाला. इथे उमजून घेणारा तिसरा कोणी नाही. जुने गाणे जुन्याच गळ्यांतून, त्याच लयीत आणि त्याच ढंगात परत आले, आणि आवाजातील थरथर झाकण्याचा कोणी प्रयत्नही केला नाही. फेरेर यांचे गाणे मी जेव्हा जेव्हा ऐकते, तेव्हा वयाने आवाजातून काय हिरावून नेले याच्या आधी वयाने त्यात काय घातले, तेच मला ऐकू येते.

या जोडीचा आग्रह मी कोल्हापूरसाठी विशेष धरते. 'संगीत मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. केशवराव भोसले कोल्हापूरचे, आणि १९२१ साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये ते बालगंधर्वांसमोर उभे राहिले होते. त्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत जळाले. वास्तू पुन्हा उभी करण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच आहे. पण त्या रंगभूमीवर जी गाणी गायली जात, ती पुन्हा कशी उभी करायची, याविषयी फारसे बोलले जात नाही. नक्कल करायची, की उमजून घेऊन आपल्या गळ्याने गायची, की ज्यांच्या गळ्यात ती अजून आहेत अशा वृद्धांना शोधून काढून मायक्रोफोनसमोर बसवायचे? हे दोन अल्बम एकाच संध्याकाळी ऐकले, तर हा प्रश्न जमलेल्या मंडळींत आपोआप निघेल, आणि तो निघावा अशी माझी इच्छा आहे.

खर्ज (राजारामपुरी, कोल्हापूर)

इतकी सविस्तर आणि मनापासूनची उत्तरे मिळतील अशी मी अपेक्षा केली नव्हती. गांधार_पंचम यांचा आक्षेप मला मान्य आहे. डोरियन आणि काफी यांचा उल्लेख मी श्रोत्यांपुढे करणार नाही.

पहिल्या संध्याकाळी किशोरीताईंचा भूप, त्यापाठोपाठ चरणजित सिंग यांचा भूपाली आणि मग 'काइंड ऑफ ब्लू', असा क्रम मला आता सुचतो आहे. थांबणारा राग, थांबू न शकणारा राग आणि थांबायला नव्याने शिकलेले जॅझ, या क्रमाने ते ऐकले तर प्रत्येकाचे वेगळेपण आपोआप पुढे येईल. नांदी यांची जोडी मी स्वतंत्र संध्याकाळीच ठेवणार आहे, कारण तिच्यानंतर चर्चा होणार हे नक्की आणि ती आटोपती घेणे मला आवडणार नाही. सुवर्ण तबकडीतील शेवटच्या चार रचना त्याच संध्याकाळच्या आरंभी बसतील. मेटलच्या संध्याकाळी आवाज दबका ठेवणार नाही, असे इचलकरंजीच्या मित्राला वचन देतो.

एक तांत्रिक बाब या निमित्ताने कळवतो. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूवरील तीनही रचनांचे ध्वनिमुद्रण ज्या यंत्रावर झाले ते किंचित मंद चालत होते, त्यामुळे दशकानुदशके सर्व तबकड्यांवर ती बाजू मूळ सुरापेक्षा चढी ऐकू येत राहिली. १९९२ साली राखीव टेपवरून ही चूक दुरुस्त झाली. माझ्याकडे जुनी आणि दुरुस्त, अशा दोन्ही प्रती आहेत. तंबोऱ्याची सवय असलेल्या ज्येष्ठांसमोर कोणती लावावी? आणि भूप आधी की जॅझ आधी, यावरही आपले मत हवे आहे.

गांधार_पंचम (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

प्रत दुरुस्त केलेलीच लावावी, यात मला शंका नाही. वादकांनी ज्या सुरात वाजवले तोच सूर श्रोत्यांना मिळाला पाहिजे. जुनी प्रत ज्यांच्या कानात बसली आहे त्यांना दुरुस्त प्रत थोडी उतरलेली वाटेल, पण आपल्याकडे जमणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती प्रथमच ऐकत असल्याने ती अडचण येणार नाही.

क्रमाबद्दल माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. भूप शेवटी ठेवावा. ज्येष्ठांना तो पाठ आहे आणि आरंभीच लावला तर ते सवयीने ऐकतील, मान डोलवतील आणि पुढच्या अल्बमची वाट पाहतील. आधी 'काइंड ऑफ ब्लू' ऐकून त्यांचे कान अनोळखी विरामांसाठी जागे झाले, मग यंत्राच्या भूपालीने त्यांची थोडी चिडचिडही झाली, की 'प्रथम सुर साधे' सुरू होताना ते गाणे त्यांना सवयीचे वाटणार नाही. इचलकरंजीच्या चिरंजीवांना मात्र त्या वेळी पुढच्या रांगेत बसवावे. त्यांनी यंत्राच्या भूपालीविषयी जे लिहिले आहे, त्यावरून भूप ऐकण्याची त्यांची तयारी आमच्यापैकी अनेकांहून अधिक झालेली आहे. तबकडी उलटून बागेश्रीची बाजूही त्याच रात्री ऐकवावी, कारण आपली अट अल्बम पूर्ण ऐकण्याची आहे. बागेश्रीची वेळही तोवर झालेली असेल.